राशिभविष्य वाचून नोकरीचा विचार कसा करावा

दोन वर्षांपूर्वीचा एक रविवार. तर्री-पोह्यांची प्लेट पुढ्यात, पेपरची पुरवणी मांडीवर. 'कामाच्या ठिकाणी बदल संभवतो, जुन्या जबाबदारीतून सुटका' एवढं वाचलं आणि मला एकदम हलकं वाटलं. समोरून सासूबाई म्हणाल्या, "काहून हसून राहिली? सिंहेचं वाचून राहिली तू. तुही रास कन्या नं?" खाली कन्येत पाहिलं तर, 'आहे त्या जागी स्थैर्य लाभेल.' पोहे तिथेच राहिले. अकरा वर्षं मी बुटीबोरीच्या एका मसाल्याच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत होते. स्थैर्य हा शब्द वाचून पोटात गोळा येऊ शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

ज्योतिषावर माझा विश्वास नाही. पण चुकीच्या राशीने मला जे दाखवलं ते वर्षभर कुणी दाखवलं नव्हतं. त्यातूनच पुढची पद्धत बसत गेली. तुमचा विश्वास असेल तरी चालेल, एका वहीची आणि चार रविवारांची तयारी ठेवा.

पहिलं काम: राशींची नावं झाका

घरातल्या कुणाला तरी पुरवणी हातात द्या आणि बाराही राशींमधली फक्त कामाधंद्याची वाक्यं वाचायला सांगा. रास सांगायची नाही, क्रम उलटासुलटा करायचा. वाक्य कानावर पडल्याबरोबर मनात जे आलं ते एका शब्दात लिहा: बरं वाटलं, चिडले, भीती, सुटले, काहीच नाही. विचार करत बसलात तर खेळ फसला. दुसऱ्या श्वासाला आपण शहाण्यासारखं लिहायला लागतो आणि घराचे हप्ते आठवतात.

नावं झाकायचं कारण आहे. १९४८ साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना 'हे तुझं व्यक्तिमत्त्व' म्हणून एकेक कागद दिला. सगळ्या कागदांवर मजकूर एकच होता, तोही ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकपणाला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. आपलं नाव वर दिसलं की माणूस मजकूर स्वतःला बेतून घेतो. रास झाकली की बेतायला काही उरत नाही, उरते ती तुमची प्रतिक्रिया.

चार रविवारांनंतर वही चाळा. माझ्या वहीत 'सुटले' हा शब्द पाच वेळा आला होता आणि पाचही वेळा वाक्य कामाच्या पाळीबद्दल (शिफ्टबद्दल) किंवा जबाबदारीबद्दल होतं. पगाराच्या वाक्यांपुढे बहुतेक 'काहीच नाही'. मी मात्र आपली चिडचिड पगारामुळे आहे, असं घरी सांगत फिरत होते.

मग वाक्याला प्रश्न करा

'वरिष्ठांशी मतभेद संभवतात.' बरं, कोणते वरिष्ठ? शेवटचे मतभेद कधी झाले, कशावरून? तुम्ही तेव्हा काय बोललात, आणि काय बोलायचं राहिलं? 'जुनी येणी वसूल होतील' यावर मला पैशाऐवजी तीन वर्षं अडकलेली बढती आठवली. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न पुरे, पण उत्तरात माणूस, तारीख किंवा जागा आली पाहिजे. 'वातावरण चांगलं नाही' हे उत्तर वहीत चालणार नाही. ते तर भविष्यवाल्यालाही लिहिता येतं.

कुंडलीची घरं, प्रश्नपत्रिका म्हणून

हा भाग मला सगळ्यात आवडतो. ग्रह बाजूला ठेवा, नुसती बारा घरं घ्या. आयुष्याची इतकी नेटकी वाटणी मी कुठल्या एचआरच्या फॉर्मवर पाहिलेली नाही.

दहावं ते कर्मस्थान. लोक तुम्हाला कशासाठी ओळखतात, आणि कशासाठी ओळखावं असं तुम्हाला वाटतं? दुसरं धनस्थान आणि अकरावं लाभस्थान. घरात साठलेलं वेगळं, येत राहणारं वेगळं, हा भेद आपण विसरतो. महिन्याचा खर्च लिहा, मग पगार थांबला तर किती महिने निभेल ते काढा. तिसरं पराक्रमाचं: स्वतःच्या हिमतीवर शेवटचं काय केलं? चौथं घराचं आणि आईचं, आणि नागपूरकराचा अर्धा प्रश्न तिथेच अडतो. पुण्याला जावं की इथेच राहावं? नागपूरच्या मिहान या उद्योग-वसाहतीत टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आल्यावरही हा प्रश्न घरोघरी आहेच. तेव्हा चौथ्या घरापुढे खरं लिहा. आईबाबांसाठी थांबलात, की आईबाबांचं नाव पुढे करून थांबलात?

आणि सहावं. रोग, ऋण, शत्रू यांचं घर, आणि नोकरीही तिथेच पाहतात. जुन्या माणसांनी नोकरीला या तिघांच्या शेजारी का बसवलं असेल, हे कंपनीच्या बसमधून मे महिन्यात तीसेक किलोमीटर जाणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. प्रश्न सरळ आहे: या नोकरीने तब्येतीचं काय केलं, कर्जाचं काय केलं, आणि कुणाशी वैर लावलं? सातवं भागीदारीचं, धंद्याचा बेत असेल तर पाहा. बाकीची घरं सवडीने.

साडेसाती मध्ये आली तर

कुणीतरी म्हणेलच, साडेसातीत नोकरीला हात लावू नको. हिशोब करून पाहा. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो आणि साडेसाती एका वेळी तीन राशींना असते. २९ मार्च २०२५ ला तो मीनेत आला तेव्हा कुंभ, मीन आणि मेष या राशींना होती. म्हणजे कधीही बघा, बारापैकी तीन राशी, चारातला एक माणूस. तेवढ्यांनी हात बांधून बसायचं म्हटलं तर नागपुरातला पाव भाग साडेसात वर्षं हलणार नाही.

पत्रिका दाखवून नोकरी ठरवायच्या आधी जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात घेतलेली चाचणी आठवावी. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, त्यातल्या चाळीस प्रत्येक ज्योतिषाला दिल्या, कोणती कुणाची ते ओळखा म्हणून. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आले असते. तेव्हा खड्याच्या अंगठीचे पैसे वाचवा, नोकरी बदलताना लागतील.

आता भविष्य तुम्ही लिहा

पेपरच्याच भाषेत, पुढच्या वर्षाचं, दोनदा. एकात नोकरी तीच, दुसऱ्यात बदललेली. आठ-दहा ओळी पुरेत. मग दोन्ही मोठ्याने वाचा, घरच्यांसमोर. ज्या ओळीला आवाज अडखळतो तिथे खूण करा. माझ्या पहिल्या भविष्यात 'प्रकृती उत्तम' होतं. ते वाचताना मुलगी हसली.

यानंतर मात्र कागद पुरे. छोटं काहीतरी करून पाहा. मी शनिवारी दुपारी नागपूरच्या महाल भागातल्या एका बाईंना मदत करायला लागले. त्या घरी सावजी मसाला करून विकतात. पाकिटावर घटक, वजन, बनवल्याची तारीख आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा खात्याचा) क्रमांक कसा घालायचा, ओलावा का तपासायचा, एवढंच. तीन शनिवारांत कळलं की मसाल्याला मी कंटाळले नव्हते. पाळीला कंटाळले होते, आणि शिकवायला मला आवडतं. म्हणजे राजीनाम्याचीही गरज नव्हती, त्याच कंपनीत प्रशिक्षणाकडे बदली हवी होती.

तुमचं उत्तर राजीनामा असेल, तर मुहूर्त जरूर बघा, पण हा: कायम नोकरीत ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरली का, बोनस हातात आला का, नोटीस किती दिवसांची, पुढच्या कंपनीचं पत्र लेखी आहे का.

मी बदलीचा अर्ज गुरुवारी दिला. अमावस्या टाळून, सासूबाईंनी सांगितलं म्हणून. एचआरच्या मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या, त्यांनी तो शुक्रवारी उघडला.