प्रीमियर पद्मिनी गाडीचा बंपर घरीच रंगवला

क्रोम उडून गंजलेल्या लोखंडी बंपरवर थेट रंग मारला की तो महिन्याभरात पापुद्र्यासारखा सुटतो. क्रोम गुळगुळीत असतो, त्याला रंग पकडत नाही.

आदल्या रात्री नटांना तेल सोडून बंपर काढला. साबणाने धुऊन, वाळवून, थिनरच्या फडक्याने पुसला. हे घासण्याआधीच करायचं, नाहीतर ग्रीस ओरखड्यांत बसतं. गंज ८० नंबरच्या पॉलिश पेपरने, उरलेला क्रोम १८०ने, मग सगळं ३२०ने. उडालेल्या क्रोमच्या कडेवरून नख फिरवा. अडकलं तर अजून घासा. ती पायरी रंगाखालूनही दिसते. उघड्या लोखंडावर पाणी-पेपर (पाणी लावून घासायचा पेपर) नको, लगेच लाली धरते. आतली बाजू सगळे विसरतात, गंज तिथूनच येतो.

घासल्यादिवशीच इपॉक्सी प्रायमरचे, म्हणजे लोखंडाला घट्ट धरणाऱ्या अस्तराचे, दोन हात. खड्ड्यांत लांबी (पुट्टी) त्यावर, अगदी पातळ. मग सरफेसर, म्हणजे बारीक ओरखडे भरणारं अस्तर, वाळल्यावर ६०० पाणी-पेपर. सिल्व्हर रंगाचे तीन हलके हात, वीसेक सेंटीमीटरवरून, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. सिल्व्हर घासायचा नाही, वर थेट पारदर्शक लॅकर. लॅकर हार्डनर मिसळायचा असेल तर साधा कापडी मास्क चालत नाही.

बेळगावच्या पावसाळ्यात हे काम काढू नका. दमट हवेत लॅकर पांढुरका पडतो. दिवाळीनंतरची कोरडी दुपार बरी, पण अंगणातली लाल धूळ आधी पाणी मारून बसवा.

आरशासारखी चमक मात्र येत नाही. ती हवी तर उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत क्रोम प्लेटिंगवाला शोधा.