पांढऱ्या बशीवरची वेल

बडोद्याच्या रावपुऱ्यात दिवाण भाऊ तांबेकरांचा एकोणिसाव्या शतकातला वाडा आहे. तिथली भित्तिचित्रं बघताना माझी नजर कृष्णलीलेपेक्षा फुलापानांच्या नक्षीतच जास्त रेंगाळली. अशी वेल बशीच्या काठावर काढायचीच, असं ठरवून मी घरी आले.

नव्याने शिकणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असं, की महिनाभर बशीला हात लावू नका. हार्डवेअरच्या दुकानातून दोन-चार पांढऱ्या चकचकीत टाइल्स आणा आणि त्यांवर नुसत्या रेघा ओढा. कागद रंग पितो, ग्लेझ, म्हणजे टाइल-बशीवरचा काचेसारखा चकचकीत थर, पीत नाही. रंग वरच तरंगतो, ब्रश घसरतो, जरा जास्त रंग घेतला की ओघळ येतो. ओला रंग ओल्या कापडाने पुसला की टाइल पुन्हा कोरी, त्यामुळे खर्च जवळजवळ नाहीच. लांब केसांचा बारीक लायनर ब्रश घ्या, करंगळी टेकवून हात स्थिर ठेवा आणि हात वळवण्याऐवजी बशीच फिरवा. केक सजवायचा फिरता स्टँड त्यासाठी उत्तम.

गोल काठाचे सारखे भाग पाडायला बशीच्या मापाचा कागद कापून चार वेळा दुमडा. १६ घड्या मिळतात, प्रत्येकीवर एक पान. रंगवण्याआधी बशी स्पिरिटने पुसा. बोटाचा तेलकट ठसा राहिला, तर तिथे रंग नीट बसत नाही.

रंग पोर्सेलिनवर, म्हणजे चिनी मातीवर, काढायचेच घ्या. साधे अॅक्रिलिक धुताना सुटतात. मी पेबिओ कंपनीचे ‘पोर्सेलिन १५०’ वापरते: २४ तास वाळवायचे, मग १५० अंश सेल्सिअसला ३५ मिनिटं भाजायचे. बशी थंड ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, ठेवून मग तो सुरू करायचा, वेळ मोजायची ती १५० अंश गाठल्यावर, आणि बशी बाहेर काढायची ती आतच गार झाल्यावर. आत्याच्या साठीसाठी सहा बश्या रंगवल्या होत्या. घाई होती म्हणून दोन तासांतच भट्टीत घातल्या. जाड थराच्या प्रत्येक फुलावर फोड आले. तीन आठवड्यांचं काम होतं, फार वाईट वाटलं. तेव्हापासून पातळ थर देते, आणि ओटीजीच्या बटणावर न विसंबता आत वेगळा थर्मामीटर ठेवते. तापमान जास्त झालं तर रंग करपून तपकिरी पडतात.

आता विक्रीचं. घरी भाजलेला हा रंग ग्लेझच्या वर असतो, त्याखाली नाही. म्हणून अन्न किंवा ओठ लागेल तिथे मी रंगवतच नाही: बशीचा मधला भाग कोरा, कपाच्या वरच्या कडेपासून दोन-अडीच सेंटिमीटर मोकळे. सुरीने ओरखडे पडतात, घासणीने रंग झिजतो, हे गिऱ्हाइकाला आधी सांगते आणि चिठ्ठीवर लिहूनही देते. हे ऐकून काही जण परत जातात, जाऊ देते.

आत्यासाठी बश्या पुन्हा केल्या. काठावर तीच वेल आहे, आणि मधल्या कोऱ्या जागेत आत्या दर दिवाळीला चिरोटे वाढते.