मोर्स कोड कसा शिकावा: आधी कान, मग हात

हॅम रेडिओसाठी, म्हणजे हौशी रेडिओसाठी, मोर्स शिकायला बसलेली बहुतेक मंडळी पहिल्याच दिवशी टिंब-रेघांचा तक्ता भिंतीवर चिकटवतात. तो तक्ता आजच काढून ठेवा. तक्त्यावरून पाठ केलेलं अक्षर ऐकताना आधी डोळ्यांसमोर येतं, मग टिंबं मोजावी लागतात, आणि अक्षर सापडेपर्यंत पुढची दोन निघून गेलेली असतात. कमी वेगाला हे निभावतं. वेग वाढला की मोजणी मागे पडते आणि पुष्कळ जण तिथेच नाद सोडतात.

तबल्याचे बोल जसे आधी तोंडात बसवतात, तसं मोर्स तोंडाने म्हणा. टिंब म्हणजे ‘डि’, शेवटी आलं तर ‘डिट’. रेघ म्हणजे ‘डा’. ‘के’ हे अक्षर ‘डा-डि-डा’, ‘एम’ ‘डा-डा’, ‘आर’ ‘डि-डा-डिट’. एक डा तीन डिटइतका लांब. अक्षराच्या पोटात एका डिटएवढी शांतता, दोन अक्षरांमध्ये तीन डिटांची, दोन शब्दांमध्ये सातांची. या शांतता नीट पाळणाऱ्याचा मोर्स ऐकायला सोपा जातो, वेग कितीही असो.

पहिले काही आठवडे

जर्मन मानसशास्त्रज्ञ लुडविग कॉख यांनी १९३०च्या दशकात मांडलेली पद्धत आजही सगळ्यांत भरवशाची आहे. फक्त दोन अक्षरं घ्यायची, पण पूर्ण वेगात. दहापैकी नऊ बरोबर यायला लागली की तिसरं जोडायचं. ‘लर्न सीडब्ल्यू ऑनलाइन’ (सीडब्ल्यू म्हणजे रेडिओवरचा मोर्स) या मोफत संकेतस्थळावरचा पहिला धडा ‘के’ आणि ‘एम’चाच आहे. तिथे अक्षराचा वेग मिनिटाला २० शब्द ठेवा, म्हणजे एक डिट ६० मिलिसेकंदांचा होतो आणि मोजायला वेळच उरत नाही. जड वाटलं तर दोन अक्षरांमधलं अंतर वाढवा, अक्षर मात्र संथ करू नका. अक्षर निसटलं तर कागदावर जागा सोडून पुढे चला. सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं रोज केलेली, रविवारी सलग बसण्यापेक्षा कितीतरी जास्त कामी येतात.

खरे सिग्नल कुठे ऐकायचे

घरातल्या साध्या शॉर्टवेव्ह रेडिओवर मोर्सचा सूर उमटत नाही. फक्त खरखर मधूनमधून दबल्यासारखी वाटते. सीडब्ल्यू किंवा एसएसबीची (हॅम मंडळींच्या बोलण्याच्या पद्धतीची) सोय असलेला रिसीव्हर लागतो. तो नसेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकता येणारा रिसीव्हर, ब्राउझरमध्ये उघडा.

बँडचं, म्हणजे फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्याचं, नाव तरंगलांबीवरून पडलं आहे: ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की साधारण मीटर मिळतात. ४० मीटर म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, २० मीटर म्हणजे १४.० ते १४.३५, १५ मीटर म्हणजे २१.० ते २१.४५. मोर्स बँडच्या खालच्या टोकाला, बोलणं वर. दिवसा आयनोस्फियरचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा) डी थर खालच्या फ्रिक्वेन्सी शोषून घेतो, म्हणून दुपारी २० आणि १५ मीटर चाळा. सूर्यास्तानंतर तो थर विरतो आणि ४० मीटरवर दूरची स्टेशनं यायला लागतात. कमी पॉवरवर काम करणारे ७.०३० आणि १४.०६० च्या आसपास भेटतात.

१४.१०० वर मुद्दाम थांबा. जगभरातली १८ बीकन स्टेशनं (ठरावीक खुणेचा सिग्नल आपोआप पाठवणारी) इथे पाळीपाळीने दहा-दहा सेकंद घेतात, तीन मिनिटांत फेरी पूर्ण. प्रत्येक स्टेशन आपलं कॉलसाइन (ओळखीची अक्षरं-आकडे) देतं आणि मग एकेक सेकंदाचे चार डा: १०० वॉट, १० वॉट, १ वॉट आणि शेवटचा ०.१ वॉट. कोलंबोचं ‘फोर-एस-सेव्हन-बी’ आलं, तर किती डा कानावर पडतात ते मोजा. बँड किती खुला आहे ते लगेच कळतं. मला तरी यापेक्षा चांगला धडा माहीत नाही.

संवादाची रीत

आधी ऐका. जागा मोकळी वाटली तर ‘क्यूआरएल?’ पाठवा, म्हणजे ही फ्रिक्वेन्सी कोणी वापरतंय का. उत्तर नाही आलं तर पुन्हा एकदा विचारा, मगच हाक द्या:

सीक्यू सीक्यू डीई व्हीयू२अबक व्हीयू२अबक के

(‘व्हीयू२’ ही भारतीय कॉलसाइनची सुरुवात, ‘अबक’च्या जागी तुमची अक्षरं.) ‘सीक्यू’ म्हणजे ‘कोणीही उत्तर द्या’, ‘डीई’ म्हणजे ‘कडून’, ‘के’ म्हणजे ‘आता तुम्ही बोला’. ‘केएन’ असेल तर बोलावणं फक्त ज्याच्याशी बोलणं चालू आहे त्या एकाच स्टेशनला असतं. मध्ये पडू नका. उत्तर आलं की आरएसटी, म्हणजे सिग्नल कसा येतोय याचे गुण, द्या: सुबोधता पाचपैकी, ताकद आणि सूर नऊपैकी. मग नाव, गाव, शेवटी ‘७३’ (शुभेच्छा) आणि ‘एसके’ (संवाद संपला). समोरचा भरभर पाठवत असेल तर ‘क्यूआरएस’ म्हणा. तो वेग कमी करेल, आणि त्यात संकोच मुळीच नको. स्वतः मात्र जेवढं ऐकून लिहिता येतं तेवढ्याच वेगाने पाठवा.

हात आणि परवाना

अक्षरं कानात बसल्यावर मोर्स-की घ्या. कोपर टेबलावर टेकवा, हालचाल मनगटातून येऊ द्या. नुसत्या ऑसिलेटरवर (फक्त सूर काढणाऱ्या सर्किटवर) घरी सराव करायला परवाना लागत नाही. प्रक्षेपणाला मात्र लागतो. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (रेडिओ परवाने देणाऱ्या) शाखेची परीक्षा वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स नाही, जनरल ग्रेडला मिनिटाला ८ शब्दांचा मोर्स असतो, ऐकण्याचा आणि पाठवण्याचाही. अक्षरांच्या नादात आकडे मागे राहतात. प्रत्येक आकड्यात पाच खुणा असतात, तेव्हा त्यांचा सराव वेगळा ठेवा.