गुडघ्याची वाटी बदलल्यावर पावलं मोजताय? या चुका टाळा

आईच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलून तिला अमळनेरला घरी आणलं, तेव्हा भावाने पुण्याहून मनगटी बँड पाठवला. आठव्या दिवशी ती वॉकर धरून ओसरीपासून मागच्या दारापर्यंत चार फेऱ्या मारून आली. बँडवर पावलं किती? 19. "मंग मी दिनभर बठेलच शे का?" म्हणत तिने बँड काढून ठेवला. तिचं चुकलं नव्हतं. आम्हीच तो चुकीच्या जागी बांधला होता.

मनगटावरचा बँड मुख्यतः हाताच्या झोक्यावरून पावलांचा अंदाज घेतो. वॉकर धरला की हात झुलत नाहीत, त्यात चाल संथ, म्हणून बरीच पावलं निसटतात. घोट्यावर किंवा मांडीवर लावायची यंत्रं पायाचीच हालचाल पकडतात, त्यामुळे हळू चालीत ती जास्त खरी ठरतात. मांडीवरचं यंत्र बसणं आणि उभं राहणंही वेगळं ओळखतं. घोट्याला पट्टा बांधणार असाल तर चांगल्या पायाला बांधा. ऑपरेशनच्या पायाला सूज असते, तिथे काहीही आवळू नका.

यंत्र कुठलंही असो, आधी पारखून घ्या. पेशंटसोबत चालत तोंडाने 50 पावलं मोजा आणि आकडा ताडून बघा. असं तीन वेळा. वॉकर सुटून काठी आली की पुन्हा, कारण चाल बदललेली असते.

उलटंही होतं. भाकरी थापताना किंवा खड्ड्यांतून रिक्षाने जाताना न चाललेली पावलं चढू शकतात. मोबाईल खिशात असेल तर बऱ्यापैकी मोजतो, पण लुगड्याला खिसा कुठला? फोन फडताळावर चार्जिंगला आणि मुलगा लांबून विचारतो, "आई, आज चाललीच नाहीस का?" हा प्रश्न फार लागतो हो.

शेजारच्या काकांच्या घड्याळाशी तुलना नको. प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं असतं. एकच यंत्र, एकाच जागी, आणि तुलना स्वतःच्याच मागच्या आठवड्याशी. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो. तेव्हा पावलं घटली तर लगेच घाबरू नका, फेऱ्या पहाटे उरकून घ्या. 10,000 चा आकडा तर डोक्यातून काढाच. तो 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्रामुळे रूढ झाला, गुडघ्याच्या पेशंटसाठी कुणी ठरवलेला नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पावलं वाढली म्हणून व्यायाम सोडणं. पाय पूर्ण सरळ होतो का, गुडघा किती वाकतो, हे बँडला कळत नाही. पोटरी दुखून सुजली, जखमेतून पाणी आलं, ताप भरला, तर तडक डॉक्टरांना फोन करा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोनवर थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

आम्ही आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज तीन गोष्टी लिहितो: पावलं, संध्याकाळची सूज, सकाळचा आखडलेपणा. फिजिओथेरपिस्ट आले की आधी तेच वाचतात.