अंगाला बसेल असा ब्लाऊज शिवून घ्यायचा तर

पैठणीवरचा ब्लाऊज शिवायला टाकताना बऱ्याच जणी पिशवीत तीन-चार वर्षांपूर्वीचा 'मापाचा ब्लाऊज' टाकतात. टेप लागला की आकडा चारचौघींत मोठ्याने उच्चारला जाईल, ही धास्ती असते. मग नवा ब्लाऊज जुन्या अंगाचा शिवून येतो आणि बाई आरशासमोर स्वतःलाच बोल लावते. छाती ३८ म्हणजे कात्रीला दिलेली सूचना, तिची लाज कसली? दर वेळी ताजं माप द्या. "आकडा नुसता वहीत लिहा," असं शिंपीदादांना किंवा टेलरताईंना खुशाल सांगा.

पाळीच्या आधीचे दोन-चार दिवस टाळा, अनेकींचं अंग तेव्हा सुजलेलं असतं. साडीखाली जी ब्रा घालणार तीच घालून जा, कारण ब्रा बदलली की टक्सची (छातीला उभार देणाऱ्या शिवलेल्या घडीची) जागाही बदलते. माप देताना पोट आत ओढू नका, श्वास रोखू नका. छातीच्या मापावर १ ते १.५ इंच सैल धरायला सांगा. दंडघेर कोपर वाकवून घ्यायचा. खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतची उंची आणि दोन टोकांमधलं अंतर ही मापं पुष्कळदा राहून जातात. ती आठवणीने द्या, नाहीतर टक्स भलतीकडे येतो आणि समोर चुण्या पडतात. छातीच्या दोन बाजू थोड्या लहानमोठ्या असणं नेहमीचंच आहे. अशा वेळी मोठी बाजू धरायची.

दोन्ही कुशींना १.५ इंच माया (शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड) ठेवायला सांगा, बाहीच्या शिवणीतही ठेवा, आणि कापडाच्या कडा इंटरलॉक करताना ती कापू नका हे बजावा. बाळंतपण, थायरॉइड, पाळी जायची वर्षं, अंग बदलतच राहतं. माया असली की तोच ब्लाऊज उसवून पुन्हा घालता येतो. रेशमावर मात्र उसवल्यावर सुईची छिद्रं दिसतात, म्हणून ट्रायल कच्च्या शिलाईवर घ्या. सुती अस्तर आधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्या. कोरं लावलं तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं रेशीम चुरगळतं.

ट्रायलच्या वेळी अंबाडा बांधायला नेतो तसे दोन्ही हात डोक्यामागे न्या. अख्खा ब्लाऊज वर सरकला तर मुंढा (बाही जोडायचा काखेभोवतीचा गोल काप) जास्त खोल कापलाय. इथेच गफलत होते: मुंढा काचतो म्हटलं की तो आणखी खोल कापला जातो आणि ओढ वाढते. आधी कुशीतली व बाहीची माया सोडून बघायला सांगा. मुंढा कापून झालाच असेल तर काखेत त्याच कापडाचा चौकोनी तुकडा जोडता येतो. हुकपट्टी फाकते ती छातीत कमी पडल्यामुळे. खांदा घसरतो तो पुढचा-मागचा दोन्ही गळे रुंद ठेवल्यामुळे. पाठ ९ इंच खोल हवी असेल तर पुढचा गळा आवरता घ्या, किंवा मागे नाडी लावा.

खांदा जखडलेला असेल तर पाठीमागचे हुक नकोत, पुढेच ठेवा. स्तनाची शस्त्रक्रिया झाली असेल तर अस्तराला आतून मऊ सुती कापडाचा खिसा शिवून घ्या, म्हणजे कृत्रिम स्तन जागचा हलत नाही. त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, तेव्हा दोन्ही दंडांचं माप वेगवेगळं द्या आणि काखेतली शिवण अस्तराखाली झाकायला सांगा.

"ताई, स्लीव्हलेस तुम्हाला नाही शोभणार," असं कुणी म्हटलं तर शोभण्यावर वाद घालत बसू नका. बाहीच्या ब्लाऊजपेक्षा मुंढा अर्धा इंच वर घ्या, खांदा ब्रा-पट्टीहून रुंद ठेवा आणि पट्टी अडकवायला आतून टिचबटणाची फीत लावा, एवढंच सांगा.