ग्लायडर मोजायचं तर आधी हात आणि हवा बाजूला काढा

मागच्या जुलैत नेरूळला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोघांची जुंपली. दोघांनीही बाल्साची (हे एक अगदी हलकं लाकूड), हाताने सोडायची ग्लायडरं, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, बनवली होती. माझ्या भाच्याच्या विमानाचे पंख लांब आणि निमुळते, शेजारच्या मुलीच्या विमानाचे आखूड आणि रुंद. तिचं तीन पावलं पुढे पडलं. "काकू, माझंच भारी ना?" असं तिने विचारलं. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं काढल्यावर मला हो म्हणवेना. तिचा हात जोराचा होता, आणि आम्ही मोजलं ते हातालाच.

हिशोब करून बघा. असं विमान निवांत तरंगताना सेकंदाला साधारण ४.५ मीटर जातं. तेच ६ मीटरच्या वेगाने फेकलं, तर जादा वेगातून ८० सेंटीमीटर उंची फुकट मिळते (दोन्ही वेगांच्या वर्गांतला फरक भागिले १९.६). ग्लाइड रेशो, म्हणजे १ मीटर खाली येईपर्यंत किती मीटर पुढे जातं, तो ७ धरला तर या फुकटच्या उंचीचे साडेपाच मीटर होतात. त्यापुढे तीन पावलांचं काय!

म्हणून पूर्ण उड्डाण मोजू नका, मधला स्थिरावलेला तुकडा मोजा. जवळच्या शाळेचा हॉल आम्हाला रविवारी सकाळी मिळाला. भिंतीवर मास्किंग टेपच्या दोन उभ्या पट्ट्या लावल्या, ६ मीटर अंतराने, आणि दोन्हींवर दर ५ सेंटीमीटरला खूण केली. मुलं पहिल्या पट्टीच्या ४ मीटर मागे बाकावर उभी राहिली. भिंतीपासून २ मीटरवर जमिनीवर दोरी अंथरली. विमान त्या दोरीवरूनच जायला हवं. फोन भिंतीपासून ८ मीटरवर, स्टॅंडवर, भिंतीला काटकोनात. वाइड लेन्स नको, ती कडा वाकवते.

इथे एक प्रश्न भाच्यानेच काढला, आणि मला त्याचा फार आनंद झाला. विमान भिंतीपेक्षा फोनच्या जवळ आहे, मग भिंतीवरची मापं चुकणार नाहीत का? चुकतात. भिंतीवरचा १ मीटर म्हणजे दोरीवरचा पाऊण मीटर. पण अंतर आणि उंची दोन्ही त्याच प्रमाणात चुकतात, त्यामुळे भागाकारात ती चूक उडून जाते. ग्लाइड रेशो बरोबरच येतो. वेग काढताना मात्र पाऊणने गुणायला विसरू नका.

व्हिडिओ स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेमवर घ्या. दोन्ही पट्ट्यांपाशी भिंतीवरचा १ मीटर पार करायला किती फ्रेम लागल्या ते मोजा. साधारण ४० येतात. दोन्हीकडे आकडा सारखा नसेल तर विमानाने वाटेत वेग उंचीत किंवा उंची वेगात बदलली आहे. ती फेक रद्द. एका फ्रेमच्या फरकाने सुमारे ५ सेंटीमीटर उंचीची गडबड होते, आणि सगळी घसरणच ६०-६५ सेंटीमीटरची असते. आमच्या निम्म्या फेकी अशा बाद झाल्या. मुलं हिरमुसली, पण मी एकही ठेवू दिली नाही.

आता हवा. पंखे बंद, खिडक्या बंद, आणि हॉलच्या चार कोपऱ्यांत व मध्ये उदबत्ती. धूर सरळ वर न जाता एकाच बाजूला कलायला लागला की फेकी थांबवा. आम्ही सातला सुरू करून नऊला थांबायचो, कारण ऊन पडलं की पत्र्याचं छप्पर तापतं. हवा सेकंदाला फक्त १० सेंटीमीटर वर सरकत असेल, तर आपल्या ७ चे ८ च्या वर होतात. मोठ्या ग्लायडरचंही तसंच. एएसके-२१ या दोन आसनी ग्लायडरचा छापील रेशो ३४ आहे, ताशी ९० किलोमीटरला. तेवढ्याच वर सरकणाऱ्या हवेत तो ३९ दिसेल. म्हणून मोजणारे वैमानिक पहाटेची निश्चल हवा निवडतात. जर्मनीतल्या इडाफ्लीग या विद्यार्थी गटांच्या संघटनेची पद्धत मला सगळ्यात आवडते. गुणधर्म आधीच नीट मोजलेलं एक ग्लायडर शेजारी उडवायचं आणि दोघांच्या उंचीतला फरक बघायचा. हवा दोघांना एकच.

हॉलमध्ये जोडीने उडवता येत नाही, पण आलटून पालटून सोडता येतं. एक याचं, एक तिचं. वीस याची आणि मग वीस तिची असं कधीही करू नका. तेवढ्यात हवा बदलते, हातही दमतो.

पावसाळ्यात बाल्सा ओल धरतो. दर वेळी सोनाराकडे असतो तशा छोट्या काट्यावर वजन करा, आणि पंख काचेवर ठेवून पीळ बघा. वजन थोडं वाढलं तर सर्वोत्तम रेशो फारसा बदलत नाही, वेग वाढतो: २० ग्रॅमचं २४ झालं तर सुमारे साडेनऊ टक्क्यांनी.

शेवटचं, आणि हेच बहुतेक जण टाळतात. नाकाला प्लॅस्टिसिनची (मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीची) गोळी लावून किंवा काढून प्रत्येक विमान चार-पाच वेगवेगळ्या वेगांवर उडवा. प्रत्येक वेगाचा रेशो आलेखावर मांडा आणि दोघांच्या शिखरांची तुलना करा. भाच्याच्या विमानाचं नाक जड होतं, पार्किंगमध्ये ते हरलं त्यात याचाही हात असावा. गोळी कमी केल्यावर त्याची सरासरी ७.९ आली, तिच्या विमानाची ६.८. वीस-वीस फेकींत आकडे ०.८ इकडे-तिकडे होत होते, म्हणजे सरासरीतली अनिश्चितता ०.२ च्या आत. फरक खरा.

मग मी तिला आरजे-५ या ग्लायडरची गोष्ट सांगितली. १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या मिसिसिपीत ऑगस्ट रॅस्पेट या संशोधकांनी त्याच्या फटी बुजवत आणि पंख गुळगुळीत करत त्याचा रेशो ४० पर्यंत नेला. १९५१ मध्ये वैमानिक रिचर्ड जॉन्सन त्यातून ८६१ किलोमीटर गेले. तिने लगेच पंख आणि धडाच्या सांध्यातली फट टेपने बंद केली. पुढच्या दहा फेकींची सरासरी ७.० आली. वाढली का? इतक्या कमी फेकींवरून सांगता येत नाही, हे तिनेच सांगितलं, आणि पुढच्या रविवारसाठी हॉलची किल्ली मागायला गेली.