ल्युटेशियम थेरपीच्या चाचणीत नाव घालण्याआधी

न्यूरोएन्डोक्राइन ट्यूमर म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींपासून होणारा कर्करोग. त्याच्या बहुतेक गाठींवर सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे ते चिकटण्याच्या जागा असतात. सोमॅटोस्टॅटिनसारखा रेणू असलेलं डोटाटेट त्यांना जाऊन चिकटतं आणि सोबतचं किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ जेमतेम दोन मिलिमीटरच्या टप्प्यात मारा करतं. नेटर-१ चाचणीत (२२९ रुग्ण, निष्कर्ष २०१७) ही थेरपी घेणाऱ्यांपैकी २० महिन्यांनी आजार न वाढलेले ६५.२ टक्के होते; नुसत्या ऑक्ट्रिओटाइडच्या (सोमॅटोस्टॅटिनसारखं काम करणारं नेहमीचं औषध) वाढीव डोसवर १०.८ टक्के. आता चाचण्या चालतात त्या औषधांच्या नव्या जोड्यांच्या आणि अल्फा किरण सोडणाऱ्या ॲक्टिनियम-२२५ च्या.

आधी गॅलियम-६८ डोटाटेट पीईटी (PET) स्कॅन, म्हणजे तेच डोटाटेट गाठीला चिकटतं का ते दाखवणारी तपासणी. गाठ यकृतापेक्षा जास्त उजळली पाहिजे. नाही उजळली तर औषध तिथे पोचणारच नाही, मग नाव घालण्यात अर्थ नाही. चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर स्वतः पडताळा. संमतीपत्र मराठीत मागा, प्रत घरी ठेवा. चाचणीमुळे इजा झाली तर भरपाईची तरतूद नवी औषधं आणि वैद्यकीय चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत आहे. ते कलम संमतीपत्रात नसेल तर सही करू नका.

ठरलेला डोस ७.४ गिगाबेक्वेरेल (किरणोत्साराचं माप), दर आठ आठवड्यांनी, एकूण चार. महिनाभर टिकणारं ऑक्ट्रिओटाइड किमान चार आठवडे आधी बंद, थोडा वेळच टिकणारं इंजेक्शन २४ तास आधी बंद. नाहीतर रिसेप्टर अडलेले राहतात.

डोसच्या दिवशी खरा त्रास देतं ते अमिनो ॲसिडचं सलाईन. लायसिन आणि आर्जिनिन प्रत्येकी २५ ग्रॅम, अर्धा तास आधी सुरू करून सुमारे चार तास. मूत्रपिंडात औषध कमी शोषलं जावं म्हणून ते देतात. मळमळ त्याचीच, म्हणून उलटीचं औषध आधीच घ्यायचं. उलटी झाली म्हणून सलाईन अर्ध्यावर काढा असा आग्रह धरू नका. ल्युटेशियमचा डोस घटवला तरी हे घटवत नाहीत. चेहरा एकदम लाल झाला, जुलाब लागले, चक्कर आली तर लगेच नर्सला सांगा. गाठीतून हार्मोन सुटल्याने रक्तदाब कोसळू शकतो.

पुढचे काही दिवस भरपूर पाणी प्या, कारण उरलेलं किरणोत्सारी औषध लघवीवाटे बाहेर पडतं. पुरुषांनीही बसूनच लघवी करायची, फ्लश दोनदा. लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून किती दिवस लांब राहायचं ते डिस्चार्ज कागदावर लिहून घ्या. विमान प्रवास असेल तर रुग्णालयाचं पत्र जवळ हवं, अंगातल्या किरणोत्साराने तपासणी यंत्र वाजू शकतं.

प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) डोसनंतर साधारण पाचव्या आठवड्यात तळाला जातात. तोवर बरं वाटतं म्हणून रक्ततपासणी टाळली जाते, आणि पुढच्या डोसची तारीख नेमकी तिथेच हुकते.